बावची, ऊन आणि जंतू

१८९७ साल. औरंगाबादची छावणी मागे टाकून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की पडेगाव येतं. ते तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. त्याच मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादेत, २० ऑगस्टला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी सापडला. इकडे पुण्या-मुंबईत प्लेगनं थैमान घातलं होतं आणि पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या त्याला दोन महिने होत आले होते. रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतोय, पण माणसाच्या अंगात शिरलेल्या जंतूला मारायचं कशानं हे ठाऊक नाही, असा तो काळ. हिवतापावर कोयनेल तेवढं होतं, बाकी बहुतेक रोगांत देवावर भरवसा.

कोयनेलला जोड शोधण्याची खटपट तेव्हा जर्मनीत जोरात होती. तिथल्या कारखानदारांनी डांबरापासून शेकड्यांनी रंग तयार केले होते. जंतू नीट दिसावेत म्हणून शास्त्रज्ञ त्यांना हेच रंग चढवत. मग जो रंग जंतूला चिकटतो तो त्याला मारेलही, या तर्कानं पाऊल एर्लिशनं १८९१ मध्ये मिथिलीन ब्लू हा निळा रंग हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला होता. म्युनिकमध्ये प्राध्यापक हेर्मान फॉन टापाइनर याच वाटेनं चालले होते. त्यांच्या ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याकडे १८९७-९८ च्या हिवाळ्यात एक साधं काम आलं. पॅरामेशियम हा डबक्यातला एकपेशीय जीव घ्यायचा, त्याच्या पाण्यात अ‍ॅक्रिडिन हे रसायन टाकायचं आणि तो किती वेळात मरतो ते मोजायचं.

मोजमाप जुळेना. द्रावण तेच, प्रमाण तेच, पण एके दिवशी पॅरामेशियम तास-दीड तासात मेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कितीतरी पट वेळ तगून राहिलं. विद्यार्थ्याचा हात चुकला असेल, असं म्हणून कुणीही हे आकडे फेकून दिले असते. राबनं फरक शोधला आणि तो उजेडाचा निघाला. एके दिवशी बाहेर वादळी हवा होती आणि खोलीतला उजेड नेहमीसारखा नव्हता, असं या प्रयोगाबद्दल सांगतात. मग त्यानं रीतसर तुलना केली. नुसत्या उजेडात जीव मरत नाही, अंधारात त्या कमी प्रमाणातल्या अ‍ॅक्रिडिननंही मरत नाही, दोन्ही एकत्र आले की मरतो. १९०० मध्ये हे छापून आलं. पुढे टापाइनर आणि त्यांचे सहकारी योडलबाउअर यांनी तिसरा भागीदारही दाखवून दिला, तो म्हणजे ऑक्सिजन.

ही तिघांची युती कशी चालते, ते आज नीट कळलं आहे. रंगाचा रेणू उजेड शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा चिथावलेला ऑक्सिजन पाण्यात सेकंदाचे काही दशलक्षांश भागच टिकतो आणि तेवढ्यात मायक्रॉनच्या जेमतेम दोन दशांशापर्यंत पोचतो. जिवाणूच मुळात सुमारे एक मायक्रॉनचा. म्हणजे हा ऑक्सिजन जिथे जन्मतो तिथेच मारा करतो, मग समोर प्रथिन येवो, पेशीचं आवरण येवो की डीएनए. रंग जंतूला चिकटलेला असेल तर जंतू मरतो आणि बाजूची पेशी बरीचशी वाचते. पुढे सव्वाशे वर्षांत जे काही झालं, ते रंगाला नेमक्या जागी कसं चिकटवायचं याच प्रश्नाभोवती.

त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सन कातडीच्या क्षयावर दिव्याच्या झोताचा उपचार करत होते आणि तोही कुठलंच औषध न लावता. चेहरा खाऊन टाकणारा तो रोग बरा होई. १९०३ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते वारले. अतिनील किरणांनी जंतू मरतात, असं त्यावर शंभर वर्षं सांगितलं गेलं. २००५ मध्ये डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी फिन्सनची जुनी भिंगं तपासली, तर त्यांतून जंतू मारणारे तीव्र अतिनील किरण पारच होत नव्हते. क्षयाचा जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य बनवतो. फिन्सनच्या दिव्याचा निळा-जांभळा उजेड तेच शोषत असलं पाहिजे. औषध जंतूच्याच पोटात होतं. नोबेल मिळालेला उपचार नेमका का लागू पडला, हे कळायला एक शतक जावं लागलं, ही गोष्ट मला नोबेलपेक्षाही मोलाची वाटते.

पॉर्फिरिन काय करू शकतं, हे फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरनं १९१२ मध्ये स्वतःवरच पाहिलं. त्यानं हिमॅटोपॉर्फिरिनचे २०० मिलिग्रॅम स्वतःला टोचून घेतले आणि तो उन्हात गेला. चेहरा आणि हात असे सुजले की ओळखू येईना, आणि उन्हाची ही धास्ती पुढे कित्येक आठवडे राहिली. उजेडाचं औषध रक्तात सोडलं तर रोगी सावलीतच कोंडला जातो, हा धडा त्यानं स्वतःच्या कातडीवर लिहून ठेवला.

युरोपात हे नवं होतं, आपल्याकडे नव्हतं. चरकसंहितेत श्वित्रावर, म्हणजे कोडावर, एक उपाय आहे. मलपूचा रस गुळाबरोबर प्यायचा, अंगाला तेल लावायचं आणि झेपेल तेवढं ऊन घ्यायचं. डागांवर फोड आले तर ते काट्यानं फोडायचे, असंही तिथे आहे. मलपू ही उंबराच्या कुळातली रानटी जात. उंबर-अंजिराच्या या कुळात ऊन पडलं की कातडीवर काम करणारी सोरॅलेन गटाची रसायनं आढळतात. आणि दुसरं औषध म्हणजे बावची.

बावची मराठवाड्याला परकी नाही. पावसाळ्यात पडीक जमिनीत आणि बांधांवर ती कुणी न लावता उगवते. कमरेइतकी उंची, कातरलेल्या कडांची गोलसर पानं आणि त्या पानांवर काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी. फुलं निळसर जांभळी, बारीक, गुच्छात येणारी. प्रत्येक शेंगेत एकच बी. काष्ठौषधीच्या दुकानात बावची मागितली की काळपट, चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे दाणे पुडीत बांधून मिळतात. दाणा नखानं दाबला तर बोटाला चिकटपणा लागतो आणि उग्र वास येतो. शेतकऱ्याच्या लेखी हे तण.

बावची लावा आणि उन्हात बसा, हे वैद्य पिढ्यानुपिढ्या सांगत आले. उन्हाची अट त्यांना माहीत होती, हे मान्य करायलाच हवं. पण किती दाण्यांत किती औषध, किती वाजताचं ऊन, कुठल्या कातडीला किती वेळ, याचं मोजमाप कुणी मांडलं नाही. ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं व्यासपीठावरून छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हा भाग नेहमी गाळलेला असतो. मोजमापाची सुरुवात विसाव्या शतकात झाली. कोलकात्यात रामनाथ चोप्रांनी १९२७ मध्ये बावचीचा औषधशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये एच. एस. जोइस, बी. एल. मंजुनाथ आणि एस. वेंकटराव या तिघांनी तिच्या बियांतून शुद्ध रसायन वेगळं केलं. बावचीच्या शास्त्रीय नावावरून ते सोरॅलेन म्हणून ओळखलं जातं. नंतर इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातल्या अशाच एका रानटी वनस्पतीतून याच्या भावंडाचा शोध लागला आणि १९४८ च्या सुमारास अब्देल मोनेम अल मोफ्ती यांनी कोडाच्या रोग्यांवर ते वापरलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरॅलेन आणि अतिनील-ए किरण ही जोडी सोरायसिसवर वापरल्याचा अहवाल आला. आजचे त्वचारोगतज्ज्ञ तिला ‘पुवा’ म्हणतात.

मधल्या काळात जंतू मारण्यासाठी उजेड वापरायची कल्पना मात्र मागे पडली. घराघरांत रंगीत औषधं होती. लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, हे टापाइनरच्या प्रयोगशाळेत वापरल्या गेलेल्या इओसिनचं नात्यातलं. जांभळं जेन्शन व्हायोलेट तर ग्रॅमनं १८८४ मध्ये जिवाणू रंगवायला वापरलेल्या रंगांतलं. गुडघा फुटलेल्या पोराला हे लावून आई उन्हात खेळायला सोडत होती आणि आपण काय करतोय याचा कुणालाच पत्ता नव्हता. तेवढ्यात पेनिसिलिन आलं. फ्लेमिंगच्या बुरशीचं औषध फ्लोरी आणि चेन यांनी १९४० नंतर माणसापर्यंत पोचवलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. १९५६ मध्ये औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. एक सुई टोचली की न्यूमोनियाचा रोगी चार दिवसांत उठून बसतो, हे पाहिलेला डॉक्टर दिवा आणि रंग घेऊन कशाला बसेल? त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण जिवाणूही गप्प बसले नव्हते. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर मेथिसिलिन काढलं, तर १९६१ मध्येच इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणारे जंतू सापडल्याची बातमी आली. आपल्याकडची घंटा वाजली ती मुंबईत. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधले कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर निघालं. कार्बापेनेम म्हणजे भात्यातला जवळजवळ शेवटचा बाण. २०१० च्या मार्चमध्ये हा अहवाल भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. त्यानंतर ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये याच विषयावर मोठा लेख आला आणि त्या विकराच्या नावात दिल्ली का (‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली), यावर संसदेपासून वाहिन्यांपर्यंत वाद पेटला. रोगापेक्षा बारशाची चर्चा जास्त झाली.

उजेडाकडे पुन्हा वळणारे लोक तोवर कामाला लागले होते. त्यात एक धागा आपल्या हळदीचा आहे. हिंगोली-वसमत आणि सांगलीची बाजारपेठ ज्या पिवळ्या रंगावर चालते, त्यातलं मुख्य द्रव्य करक्युमिन. ते १८१५ मध्येच वेगळं केलं गेलं होतं. निळ्या उजेडात करक्युमिन जिवाणूंना घातक ठरतं, हे नॉर्वेच्या हान्ने योर्थ टोन्नेसेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आणि अमेरिकेत टी. ए. डाल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तो विजय खराच होता, आणि मराठी माणसाला त्याचा अभिमान असणं साहजिक आहे. पण तो ‘हे आम्हाला आधीपासून माहीत होतं’ एवढं सिद्ध करणारा विजय होता. हळद उजेडात जंतू मारते, हे आपल्याला आधी माहीत नव्हतं. ते ओस्लोत कळलं.

डालच्या प्रयोगात एक अडचणही दिसली होती. ग्रॅमचा जांभळा रंग धरून ठेवणारे जिवाणू करक्युमिन आणि उजेडापुढे सहज मरत, न धरणारे चिवटपणे टिकत. या दुसऱ्या गटाला, म्हणजे ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरेंना, बाहेरून एक जादा आवरण असतं. रंगाचा रेणू त्या आवरणालाच अडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचा ऑक्सिजन फार लांब जात नाही. एनडीएम-१ वाले जंतू नेमके याच गटातले.

इथून पुढे शोधाचं रूप बदललं. सापडलेला रंग वापरून पाहण्याऐवजी हवा तसा रेणू घडवणं सुरू झालं. इस्रायलमध्ये झ्वी मलिक आणि येशायाहू नित्झान यांनी आवरण सैल करणारं दुसरं द्रव्य जोडीला देऊन पाहिलं. ते चाललं, पण दोन औषधं झाली. इटलीत पाडुआला जूलिओ योरी यांच्या गटानं १९९६ मध्ये रेणूच बदलला. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. म्हणून त्यांनी पॉर्फिरिनच्या कडेनं धन भार असलेले गट जोडले. असा रेणू स्वतःहून जिवाणूकडे ओढला जातो, आवरणात घुसतो आणि उजेड पडताच आतून मारा करतो. आज या क्षेत्रात जे रेणू घडवले जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी ही युक्ती आहे. शिवाय रंग कुठला उजेड शोषतो, हेही ठरवून घ्यावं लागतं. निळा उजेड कातडीत मिलिमीटरभर खोल जेमतेम शिरतो, तांबडा त्याहून खोल. करक्युमिनला निळा लागतो, म्हणून ते वरवरच्या कामाचं. मिथिलीन ब्लूला तांबडा चालतो.

सगळ्यांत देखणी घडण मात्र बावचीच्या रेणूची झाली. बर्कलीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन हर्स्ट सोरॅलेनचा उपयोग डीएनएची रचना अभ्यासायला करत होते. सोरॅलेन चपटं असतं, ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतं. अतिनील-ए किरण पडले की ते दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना धरून टाका घातल्यासारखं शिवून टाकतं. शिवलेला डीएनए उलगडत नाही आणि जिवाणू वाढू शकत नाही. इथे ऑक्सिजनचीही गरज नाही. हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सेरस नावाची कंपनी काढली आणि सोरॅलेनला धन भाराची शेपटी जोडून अमोटोसालेन हा नवा रेणू घडवला. शेपटीमुळे तो पाण्यात विरघळतो आणि ऋण भाराच्या डीएनएला घट्ट धरतो.

त्यांनी तो रोग्यावर वापरला नाही, रक्तपेढीत वापरला. डेंगीच्या दिवसांत ‘प्लेटलेट कुठे मिळतील’ म्हणून धावाधाव केलेल्या कुटुंबाला ती फिकट पिवळी पिशवी ठाऊक असते. ती थंडीत ठेवता येत नाही. २० ते २४ अंशांत, सतत हलवत, साधारण पाच दिवस ठेवतात. एवढ्या उबेत एखादा जिवाणू आत शिरलेला असेल तर तो मजेत वाढतो आणि ती पिशवी ज्याला चढते त्याच्या जिवावर बेतते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणजे शिवून टाकावा असा केंद्रकातला डीएनएच नसतो. म्हणून पिशवीत अमोटोसालेन सोडायचं, अतिनील-ए दिव्याखाली काही मिनिटं ठेवायचं आणि उरलेलं रसायन गाळून घ्यायचं. जिवाणू, विषाणू आणि परजीवी निकामी होतात, प्लेटलेट आपलं काम करत राहतात. जिवाणू पेनिसिलिनला दाद देतो की नाही, कार्बापेनेमला देतो की नाही, याच्याशी या टाक्याला काही देणंघेणं नसतं. युरोपात ही पद्धत २००२ मध्ये आणि अमेरिकेत २०१४ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली.

एर्लिशचा निळा रंगही परत आला. कॅनडात व्हँकुव्हरच्या जनरल हॉस्पिटलात २०११ पासून शस्त्रक्रियेआधी रोग्याच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून तांबडा उजेड सोडतात. नाकात दबा धरून बसलेले स्टॅफिलोकॉकस काही मिनिटांत मरतात आणि टाक्यांच्या जखमा चिघळण्याचं प्रमाण घटतं. हिरड्यांच्या उपचारात दंतवैद्यही हीच जोडी वापरतात.

याला जंतू सरावणार नाहीत का? या माऱ्याचं लक्ष्य एकच नसतं, म्हणून सरावणं अवघड आहे. अशक्य मात्र नाही. अपुऱ्या मात्रेत पुन्हा पुन्हा उजेड दिला तर स्टॅफिलोकॉकस थोडा निबर होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि मोठी मर्यादा वेगळीच आहे. जिथे उजेड पोचत नाही तिथे हे औषध मुकं आहे. फुप्फुसात, मूत्रपिंडात किंवा रक्तात पसरलेल्या संसर्गावर त्याचा काही इलाज नाही.

तिथे गोळी आणि इंजेक्शनच लागतं. ते काम पडेगावच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, औरंगाबाद शहराच्या पूर्वेला चिकलठाण्यात चालू आहे. वोक्हार्टच्या तिथल्या संशोधन केंद्रातून लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन आलं. मूळ नॅडिफ्लॉक्सासिन हे जपानमधलं मुरुमांवरचं मलम. त्याच्या रेणूचं एकच आरशातलं रूप घेऊन ते शिरेतून आणि तोंडावाटे देण्याजोगं केलं. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर भारतात २०२० च्या सुरुवातीला त्याला मंजुरी मिळाली. २०२४ मध्ये न्यूमोनियासाठी नॅफिथ्रोमायसिन आलं. मोठमोठ्या परदेशी कंपन्या नवी प्रतिजैविकं परवडत नाहीत म्हणून हात झटकून मोकळ्या होत असताना मराठवाड्यातल्या औद्योगिक वसाहतीतून हे होतंय, याची आपल्या वर्तमानपत्रांनी घ्यायला हवी तेवढी दखल घेतलेली नाही.

उजेडाच्या औषधाला प्रतिजैविकाची जागा घेता येणार नाही. कातडी, तोंड, नाक, उघडी जखम आणि रक्ताची पिशवी एवढी जागा त्यानं सांभाळली, तर तितकी प्रतिजैविकं वाचतील आणि जिथे दुसरा उपायच नाही तिथे ती चालतील. मला हा हिशोब पटतो.

एक मात्र सांगून ठेवतो. हे वाचून कुणी दुकानातून बावचीचं तेल आणून, अंगाला चोपडून उन्हात बसू नये. मराठवाड्यातलं ऊन आणि सोरॅलेन यांची गाठ पडली की तासाभरात कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखे फोड येतात. पोटात घेतलेल्या बावचीनं यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कोड असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. औषध किती आणि ऊन किती, हे त्यांनाच ठरवू द्यावं.